वही काही बंद होईना

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच सुरातली होती. ऑफिसात, कारखान्यात काहीतरी नवीन आलंय आणि लोकं तोंडाने हो हो म्हणून राहिले पण हात काही हलवत नाहीयेत. मी तीसेक वर्षं पर्सोनेलमध्ये काढली (तेव्हा त्याला एचआर म्हणत नव्हते), त्यामुळे हा सूर ओळखीचा आहे. चार पत्रं घेतली. पहिल्यावर जरा जास्तच बोललोय, सांभाळून घ्या.

प्रश्न : नमस्कार सर. हिंगणा एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे, ६२ माणसं, बाबांनी उभं केलेलं. दोन वर्षांपासून मी बघते. मागच्या दिवाळीनंतर आम्ही ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशेब सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) घेतलं, ट्रेनिंगचे तीन सेशन केले, सगळ्यांना लॉगिन दिले, पेढेसुद्धा वाटले. आठ महिने झाले, स्टोअरचे काका त्यांची लाल कापडी वही सोडत नाहीत. २७ वर्षं झाली त्यांना आमच्याकडे. विचारलं की "हो ताई, टाकतो ना कॉम्प्युटरात" म्हणतात आणि टाकत नाहीत. स्टॉक जुळला नाही की ऑडिटवाले मला बोलतात. सॉफ्टवेअरवाला म्हणतो माणूस बदला, बाबा म्हणतात वही राहू दे. मी मधात लटकलेय. काकांना काढावं लागेल का?
— एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : ताई, काकांचं नंतर बघू, आधी एक काम करा, आणि ते होईपर्यंत काकांना एक शब्द बोलू नका. स्टोअरमधल्या कुठल्याही वीस वस्तू घ्या, एम १६ चे बोल्ट, वेल्डिंग रॉड, कटिंग व्हील, काय वाट्टेल ते, आणि स्वतः उभं राहून मोजा. मग वहीत किती आहे आणि कॉम्प्युटरात किती आहे ते शेजारी शेजारी लिहा. माझी पैज आहे, तर्री पोह्याची एक प्लेट, वीसपैकी पंधरा ठिकाणी वही बरोबर निघेल.

का, ते सांगतो. सुरुवातीचा स्टॉक सिस्टीममध्ये टाकताना कोणी रॅकजवळ जाऊन मोजला होता, की मागच्या मार्चच्या बॅलन्सशीटमधून उचलला? बहुतेक ठिकाणी उचलतात, कारण सॉफ्टवेअरवाल्याला गो-लाइव्हची, म्हणजे सिस्टीम सुरू करायची, तारीख गाठायची असते. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच कॉम्प्युटर खोटं बोलतोय. पुढचं ऐका. रात्री अकराला प्लेटचा ट्रक येतो, ती ऑर्डर बाबांनी फोनवर दिलेली असते, सिस्टीममध्ये पीओ (खरेदीची ऑर्डर) नाही, पीओ नाही तर जीआरएन (माल आल्याची नोंद) होत नाही, पण ट्रकवाला काय सकाळपर्यंत थांबणार आहे का, माल उतरवावाच लागतो, मग काका वहीत लिहून घेतात. नंतर दोन वाजता मशीन बंद पडतं, बेअरिंग पाहिजे, इश्यू स्लिप मंजूर करणारा लॉगिन ज्या सुपरवायझरकडे आहे तो सहालाच घरी गेलेला. काका बेअरिंग देतात आणि वहीत लिहितात. आता तुम्हीच सांगा, इथे बदलाला विरोध कोण करून राहिलं, काका की तुमचं सॉफ्टवेअर?

"विरोध" हा शब्द कन्सल्टंट लोकांचा फार लाडका आहे. कोणी "पण" म्हटलं की तो विरोधात. त्या "पण"च्या पुढचं वाक्य ऐकायला कोणी थांबत नाही, आणि खरी माहिती तिथंच असते.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. २७ वर्षं त्या शेडमध्ये कोणीही, अगदी तुमचे बाबासुद्धा, "काका, अमुक आहे का हो" म्हणून विचारायला आले आणि काकांनी वही न उघडता आकडा सांगितला. तोच त्यांचा हुद्दा, पगारपत्रकावर काही का लिहिलेलं असेना. तुम्ही ते ज्ञान स्क्रीनवर आणलं, आता काल लागलेला पोट्टासुद्धा बघू शकतो. हे करणं चूक नाही, करायलाच पाहिजे होतं. पण काकांचं काहीतरी गेलं ना, आणि त्याबद्दल तुम्ही त्यांना काय दिलं? ट्रेनिंग. ज्याला येत नाही त्याला ट्रेनिंग देतात हो. इथे माणसाचं काहीतरी जाऊन राहिलं आणि तुम्ही त्याला चोवीस वर्षांच्या पोराशेजारी बसवून सगळ्यांसमोर माउस कसा धरायचा ते शिकवलं. मी बघितलेल्या फसलेल्या बदलांपैकी निम्म्यांत हीच गफलत होती. कोणाचं काय जातंय याची यादी कोणी केलेलीच नसते, पॉवरपॉइंट मात्र ऐंशी स्लाइडचा असतो.

माझंही सांगतो, दुसऱ्यावर बोट ठेवणं सोपं असतं. नोकरीत असताना एका कारखान्यात मी चहाच्या दोन सुट्ट्यांची एक सुट्टी केली. दहा-दहा मिनिटांच्या दोन होत्या, वीसची एक केली, कागदावर हिशेब एकदम सारखा. पंधरा दिवसांत रिजेक्शन, म्हणजे खराब निघालेला माल, वाढलं, कोणालाच समजेना. मग एका जुन्या फिटरने सांगितलं, साहेब, चारच्या चहाला आम्ही एकमेकांना सांगायचो कोणतं मशीन आज कुरकुरतंय, कोणता जॉब अर्धा आहे, ते बंद झालं. मी चहा बंद केला असं समजत होतो, बंद झालं होतं ते दुसरंच. महिन्याभरात गुपचूप जुनी वेळ परत लावली. नोटीस काढायचीसुद्धा लाज वाटली.

तर आता करायचं काय. सगळ्या स्टोअरची मोजदाद करा आणि ती काकांच्या हाताखाली करा, शेवटच्या आकड्यावर सही त्यांची. सिस्टीममधली वस्तूंची नावं त्यांच्याकडून तपासून घ्या, कारण सॉफ्टवेअरमध्ये "एमएस हेक्स बोल्ट" असतं आणि शेडमध्ये सगळे "मोठा सोळा" म्हणतात, शोधून शोधून माणूस कंटाळतो आणि वहीकडे जातो. पीओशिवाय आलेल्या मालाची तात्पुरती नोंद करायची सोय सॉफ्टवेअरवाल्याकडून करून घ्या, तो "होत नाही" म्हणेल, होते. रात्रीच्या मंजुरीचा लॉगिन रात्री हजर असलेल्या माणसाला द्या. आणि सगळं एकदम नको. फक्त नट-बोल्टचा रॅक घ्या, त्याची एक तारीख ठरवा, त्या दिवसापासून त्या रॅकचं पान वहीत नाही. दोन्ही कायमचे सोबत चालवणं हा सगळ्यात वाईट सापळा आहे, कारण काम दुप्पट होतं आणि आकडा जुळला नाही की ज्याला जो सोयीचा तो दाखवतो.

एक प्रश्न मुद्दाम मागे ठेवला होता, रागावू नका. तुम्हाला स्वतःला घाईत स्टॉक पाहिजे असतो तेव्हा तुम्ही स्क्रीन उघडता की काकांना फोन लावता? आणि बाबा? फोन लावत असाल तर ती वही काकांनी नाही, तुम्ही दोघांनी चालू ठेवलीय. ज्या दिवशी तुम्ही म्हणाल "काका, सिस्टीममध्ये १४० दिसून राहिले, मी त्यावरच ऑर्डर घेतेय" आणि आकडा चुकला तर भरपाई कंपनी सोसेल, त्या दिवशी काका आपोआप एंट्री करतील, कारण आता त्यांच्या शब्दाची किंमत स्क्रीनवर गेली.

वहीची मारबत मात्र काढू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत त्या पुतळ्याची मिरवणूक काढतो ते ठीक आहे, पण ऑफिसातले उत्साही लोकं जुन्या पद्धतीची तशीच मिरवणूक काढतात, भाषणात तिला मागास म्हणतात, आणि जिने २७ वर्षं कारखाना चालवला ती पद्धत चालवणारा माणूस तिथंच गर्दीत उभा असतो. एवढं सगळं करूनही काका एंट्री करणार नाहीत असं झालं तर त्यांना माल उतरवून तपासायचं काम द्या आणि एंट्रीला दुसरा माणूस ठेवा. काढायची भाषा आत्ता नको. बाकी ६१ जण बघून राहिले आहेत की नवीन सॉफ्टवेअर आलं की जुन्या माणसाचं काय होतं.

प्रश्न : सर, मी एमबीए दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट चेंज मॅनेजमेंटवर आहे. पहिल्याच स्लाइडवर "७० टक्के बदल अपयशी ठरतात" असं टाकलं तर गाइड म्हणाले सोर्स दे, आणि तो कुठेच नीट मिळत नाही. दुसरं, लेविनच्या तीन पायऱ्या घेऊ की कॉटरच्या आठ? आणि नागपूरचं एखादं उदाहरण आहे का, की सगळं अमेरिकेचंच?
— एक विद्यार्थी, त्रिमूर्ती नगर

उत्तर : बेटा, गाइडला माझा नमस्कार सांग. तो ७० चा आकडा काढून टाक. १९९३ मध्ये हॅमर आणि चॅम्पी या दोघांनी री-इंजिनीअरिंग (कामाची पद्धत मुळापासून नव्याने आखणं) करणाऱ्या कंपन्यांबद्दल ५० ते ७० टक्के असा अंदाज लिहिला आणि हा अशास्त्रीय अंदाज आहे असं त्यांनीच म्हटलं होतं. पुढे लोकांनी अंदाज हा शब्द गाळला, ५० गाळले, आणि ७० सगळ्या बदलांना चिकटवले. २०११ मध्ये मार्क ह्यूज नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने मागे मागे जाऊन तपासलं तर त्या आकड्याला धड पुरावाच नाही. हीच गोष्ट पहिल्या स्लाइडवर टाक ना, गाइड खूश होतील.

लेविन की कॉटर हा प्रश्न पेपरला ठीक आहे, दोघांनीही बदल कसा आणायचा त्याच्या पायऱ्या सांगितल्या. कॉटरने १९९५ मध्ये हार्वर्डच्या मासिकात लेख लिहिला, शंभरावर कंपन्या बघून कंपन्या कुठे कुठे चुकतात ते सांगितलं, त्यातल्या आठ चुकांच्या आठ पायऱ्या झाल्या. पहिली पायरी तातडीची भावना निर्माण करा. ही पायरी आपल्याकडे इतकी आवडली की दर सोमवारी तातडी असते, मग खरी आग लागली तरी लोकं म्हणतात, हो हो, मागच्या महिन्यातही लागली होती.

लेविनचं म्हणशील तर तीन पायऱ्यांपेक्षा त्याचा मटणाचा प्रयोग वाच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चांगलं मांस सैन्याकडे जायचं, तर घरोघरी हृदय, गुर्दे असले भाग खायला लावायचे होते. (सावजीवाल्या माणसाला हे पटवायची गरजच पडली नसती, पण ते असो.) काही बायकांच्या गटांना छान भाषण दिलं, व्हिटॅमिन सांगितले, पाककृती दिल्या. बाकी गटांना आपसात चर्चा करून ठरवायला लावलं. नंतर विचारलं तर भाषणवाल्यांपैकी ३ टक्क्यांनी असं काही नवीन शिजवलं होतं आणि चर्चावाल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. तुमच्या कंपन्यांमधले टाउनहॉल (सगळ्यांना जमवून साहेबांचं भाषण) कोणत्या गटात बसतात ते तूच बघ.

त्याच वळणाचा दुसरा प्रयोग व्हर्जिनियातल्या पायजम्याच्या कारखान्यात झाला, कॉच आणि फ्रेंच यांनी १९४८ मध्ये छापला. कामाची पद्धत बदलायची होती. ज्या गटाला फक्त "आता असं करायचं" म्हणून सांगितलं त्यातल्या १७ टक्के जणांनी पहिल्या ४० दिवसांत नोकरी सोडली आणि उत्पादन खाली गेलं ते वर आलंच नाही. ज्यांना नवीन पद्धत ठरवायला सोबत घेतलं ते थोड्या दिवसांत पहिल्यापेक्षा वर गेले, आणि सोडून कोणी गेलं नाही. पण हे वाचून लगेच "सहभाग म्हणजे जादू" असं लिहू नको. नॉर्वेतल्या बुटांच्या कारखान्यात तसाच प्रयोग केला, तो १९६० मध्ये छापून आला, तिथे उत्पादनात फरकच पडला नाही. एक कारण असं दिलं जातं की लोकांना ज्या गोष्टींत बोलायला दिलं त्या त्यांच्या मते महत्त्वाच्या नव्हत्या. ही गंमत इथेही बघतो आपण, युनिफॉर्मचा रंग कोणता यावर मतदान घेतात आणि ओव्हरटाइम कमी होणार हे आधीच ठरवून मोकळे होतात. लोकं भोळे नसतात रे, रंग निवडतात आणि मनात नोंद करून ठेवतात.

आणि नागपूरचं उदाहरण? एम्प्रेस मॉलला सिनेमा बघायला जातोस ना, ती एम्प्रेस मिलची जागा. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी ती सुरू केली आणि नाव ठेवलं एम्प्रेस. मॅनेजर बेझनजी मेहता, रेल्वेतून आलेले, कापडातले नाहीत. तेव्हा रिंग स्पिंडल हे सूत कातायचं नवीन यंत्र होतं, मँचेस्टरकडचे लोकसुद्धा त्याबाबत साशंक होते, जमशेटजींनी इथे आधी लहान चाचणी घेतली, जमलं तसं वाढवत नेलं. भारतात रिंग स्पिंडल वापरणाऱ्या पहिल्या गिरण्यांत ही होती. पण तुझ्या प्रोजेक्टसाठी यंत्रापेक्षा माणसांची गोष्ट कामाची आहे. गावाकडून आलेले लोकं, रोज भोंग्यावर यायची सवय नाही, गैरहजेरी भरमसाठ. दंड लावून बघायचा सोपा रस्ता होता. त्यांनी हजेरीवर बक्षिसं ठेवली, खेळ-मेळावे सुरू केले, १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, १८९५ पासून अपघाताची भरपाई दिली. म्हणजे शेत आणि गाव सोडून भोंग्यावर यायचं तर माणसाचं काय जातंय ते बघितलं आणि तिथे काहीतरी ठेवलं. पुढे ती मिल काळाबरोबर चालू शकली नाही आणि बंद पडली, हेही लिही. एकदा जमलं म्हणजे कायमचं जमलं असं काही नसतं.

प्रश्न : आमची पतसंस्था दुसऱ्या एका पतसंस्थेत विलीन झाली. मी शाखा व्यवस्थापक आहे. एकाच काउंटरवर "आमचे" आणि "तुमचे" असे दोन गट आहेत, डबेही वेगळे बसून खातात. सहल नेली, टी-शर्ट वाटले, फरक नाही. काय चुकलं?
— एक वाचक, महाल

उत्तर : भाऊ, टी-शर्ट एकच वाटले पण पगार एकच आहे का? सिनिऑरिटीची यादी एक झाली का? दिवाळीत कोणाला किती बोनस मिळाला हे दोन्हीकडच्यांना माहीत असतं, तुम्ही सांगितलं नाही तरी. आपल्या देशात एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या. नाव एक, विमानांवरचा रंग एक, पण पगाराच्या श्रेणी, बढतीचे नियम, युनियन सगळं वेगवेगळं राहिलं. ते जुळवायला धर्माधिकारी समिती नेमली ती २०११ मध्ये. आणि २०१२ मध्ये नव्या ड्रीमलायनर विमानाचं ट्रेनिंग जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना का द्यायचं यावरून जुन्या एअर इंडियाचे वैमानिक ५८ दिवस संपावर होते. पाच वर्षांनंतरही "आमचं विमान, तुमचं विमान". तिथे डब्यांचं काय घेऊन बसता.

तुमच्या हातात संचालक मंडळाचे निर्णय नाहीत हे समजतं. पण एक यादी करून त्यांच्यापुढे ठेवता येते, दोन कॉलमची, पगार, रजा, कर्जाची मर्यादा, बढती, बदली, कोणाचं काय वेगळं आहे आणि ते कधी एक होणार. तारीख लांबची असली तरी चालते, "बघू" चालत नाही. शाखेत मात्र जोड्या बदला, एका काउंटरवर एक इकडचा एक तिकडचा, आणि वसुलीचं टार्गेट जोडीला द्या. डबे मग होतात एकत्र. नाही झाले तरी काही बिघडत नाही, मी नोकरीभर एकट्यानेच डबा खाल्ला.

प्रश्न : सर, बुटीबोरीला कंपनीत ऑपरेटर आहे. परवा रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज आला की सोमवारपासून पहिली शिफ्ट सातऐवजी सहाची. बस सहाची नाही. सुपरवायझरला विचारलं तर म्हणे वरून आलं. असं करता येतं का?
— एक वाचक, वर्धा रोड

उत्तर : असं रात्री मेसेज टाकून नाही करता येत. कामाचे तास, पाळ्या या सेवाशर्ती आहेत, त्या बदलायच्या तर कामगारांना नोटीस देऊन २१ दिवस थांबावं लागतं, औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होतं, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तीच अट ठेवलीय. एक पाचर आहे, तुमच्या कंपनीच्या मंजूर स्टँडिंग ऑर्डरमध्ये (कामाच्या लेखी नियमांत) पाळ्या बदलायची तरतूद असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून आधी ती बघा, गेटजवळच्या बोर्डावर लावलेली असते, नसली तर मागा. युनियन असेल तर त्यांच्यामार्फत, नसेल तर चार-पाच जणांच्या सहीने लेखी विचारा. भांडायच्या सुरात नको.

आणि कायदा दुसऱ्या परिच्छेदात लिहा, पहिल्यात बस लिहा. बहुतेक वेळा "वरून" आलेल्या माणसाला बसचं माहीतच नसतं, तो कारने येतो. कोणत्या स्टॉपवरून किती जण, पहिली बस किती वाजता, सहाला गेटवर पोचायचं तर घरून किती वाजता निघायचं, रात्रपाळी करून सुटणाऱ्या बायकांना परत जायला काय आहे, हे एका कागदावर आकड्यांत द्या आणि पोच म्हणून शिक्का घ्या. उत्तर काय आलं ते मला कळवा, पुढच्या अंकात घेतो.